पिवळी चिठ्ठी

"ती सिगरेट खाली टाक. न्हाईतर तुझ्यासकट खाली टाकीन."

गच्चीच्या कठड्याला टेकून उभी असलेली पोरगी दचकली, पण सिगरेट काही तिनं टाकली नाही. केतकी तिचं नाव. दुसऱ्या मजल्यावर राहायची, रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. सकाळचे आठ वाजलेले, पोटात अन्नाचा कण नाही आणि नाकातून धूर.

"मावशी, एकच आहे. परीक्षा आली ना, टेन्शन येतं."

"टेन्शन मलाबी येतंय. बावीस संडास हायत या इमारतीत आणि बायका सात. मी ओढू काय?"

ती हसली. मग माझ्या हाताकडं बघत म्हणाली, "तुम्ही ओढत नाही, पण लावता की. ती काळी पावडर. बोट बघा, अजून काळं आहे."

मी बोट पदराला पुसलं.

"त्याला मिशेरी म्हणत्यात. दात घासायची असती ती. तुमची पेस्ट, तशी आमची मिशेरी. माझ्या आईनं घासले, आजीनं घासले. कुनाच्या नाकातनं धूर आला न्हाई."

"तंबाखूच भाजता ना पण तव्यावर?"

"तुझ्या बापाला फोन लावू, का खाली चालतीस?"

बापाचं नाव काढल्यावर सिगरेट विझली. पण जिना उतरताना ती गालातल्या गालात हसत होती, ते मला दिसलं. ते हसू मला दिवसभर टोचत राहिलं. त्या हसण्याची किंमत मी पुढं काय दिली, ते सांगायला बसले आहे.

मी हौसाबाई. विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात झाडलोट करणाऱ्या बायकांची मुकादम. शाळा चौथीपर्यंत. नवरा तिथंच माळी होता. तो गेला तशी मी त्याच्या जागेवर लागले आणि एकवीस वर्षं त्या इमारतीत माझा शब्द चालला. रेक्टरबाई येत होत्या, बदलून जात होत्या. मी तिथंच होते.

शिकलेल्या माणसांचं खाणं-पिणं आणि झोपणं मी जेवढं जवळून बघितलं तेवढं त्यांच्या आयांनीही बघितलं नसेल. पोरी पहाटे झोपायच्या आणि जेवायच्या वेळेला उठायच्या. नाश्त्याला वडापाव, जेवायला बिस्किटं, नाहीतर खोलीत चोरून शेगडी लावून नूडल्स, आणि मग सगळ्या मजल्याची लाईट गेली की "मावशी, मावशी" करत माझ्याच दाराशी. साहेब लोक त्याहून भारी. एक विभागप्रमुख पहिल्या मजल्यावर जायला पाच मिनिटं लिफ्टची वाट बघत उभे राहायचे आणि संध्याकाळी पांढरे बूट घालून मैदानाला चकरा मारायचे. मी एकदा तोंडावर विचारलं, "साहेब, ते मैदान जिन्यातच आणून ठिवू का?" शिपाई, वॉचमन गुटखा खाऊन जिन्याचे कोपरे रंगवायचे आणि आम्ही ते खरवडायचो. आमच्या सात जणींत मात्र एकीलाही व्यसन नाही, हे मी कुणालाही ठणकावून सांगायची. सातही जणी मिशेरी लावत होतो. पण ते दात घासणं होतं.

त्या दिवशी गच्चीवरून उतरून मी मागच्या क्वार्टरवर आले, तर शालन परसदारच्या पायरीवर बसली होती.

शालन माझी एकुलती एक. सव्वीस वर्षांची होती तेव्हा. बारावीनंतर चार वर्षं तिनं एका झेरॉक्सच्या दुकानात काढली, मग हट्टानं परत शिकायला लागली आणि त्याच विद्यापीठात समाजकार्याच्या एम. ए.ला होती. ज्या व्हरांड्यातून मी झाडू घेऊन जायची, त्याच व्हरांड्यातून ती पुस्तकं घेऊन जायची. कुणी बघतंय म्हणून तिनं कधी माझ्याकडं पाठ केली नाही. उलट लांबूनच हाक मारायची, "आई, डबा घेतलास का?"

पाणी भरून झालं की रोज सकाळी आम्ही दोघी त्या पायरीवर बसायचो. मध्ये पत्र्याची गोल डबी. तळहातावर चिमूट घ्यायची, बोटानं दातांवर फिरवायची आणि बोलत राहायचं. तोंड भरलेलं असलं तरी तिचं मला कळायचं, माझं तिला. दिवसभराचं आमचं बोलणं म्हणजे तेवढा अर्धा तास. ही सवय तिला मीच लावली. नऊ वर्षांची असताना तिची दाढ ठणकायला लागली, रडून रडून घर डोक्यावर घेतलं. मी माझ्या बोटानं तिच्या दाढेवर मिशेरी चोळली. घटकाभरात माझ्या मांडीवर झोपली पोर. दुसऱ्या दिवशी आपणच हात पुढं केला तिनं.

त्या सकाळी डबी तिच्या हातात होती, पण उघडलेली नव्हती.

"का गं? लावत न्हाईस?"

"चुरचुरतंय, आई. काल चटणीसुद्धा सोसली नाही मला. भाकरी दुधात कुस्करून खाल्ली."

"बघू."

तिनं तोंड उघडलं. डाव्या गालाच्या आतून, दाढेच्या समोर, पांढरा चट्टा होता. सायीचा तुकडा चिकटून बसावा तसा. मी बोट लावलं तर ती मागं सरली.

"तोंड आलंय. उष्णता झालीया. रातभर वाचत बसतीस, चहावर चहा ढोसतीस. जाईचा पाला चघळ, दोन दिवसांत जातंय."

"दोन महिने झाले त्याला."

"मग दोन महिने पाला चघळलास काय?"

ती हसली, पण एकाच बाजूनं. मग डबी पायरीवर ठेवत म्हणाली, "आज आमचा सर्व्हे आहे ना. विद्यार्थ्यांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या सवयींचा. सरनोबत मॅडमनी दातांच्या कॉलेजची गाडी बोलावलीय, तोंड तपासायला. मी दाखवून घेऊ?"

"घे की. मला काय इचारतीस?"

"तसं नाही..." म्हणत तिनं पुस्तकं उचलली. मी खोदून विचारलं नाही. बाकीच्या सहा जणींना घेऊन अकरा वाजता जेवणाच्या हॉलमध्ये हजर राहायचं होतं आणि तिसऱ्या मजल्यावरचं पाणी अजून चढलं नव्हतं.

सरनोबत मॅडम म्हणजे शालनच्या सर. बाई असल्या तरी पोरी त्यांना मागं 'सर'च म्हणायच्या, इतक्या कडक. पण शालनवर त्यांचा जीव होता. हॉलमध्ये त्यांनी एका बाजूला हॉस्टेलच्या पोरी बसवल्या, दुसऱ्या बाजूला आम्ही, माळी, शिपाई, स्वयंपाकघरातले. मग उभ्या राहून म्हणाल्या, "कुणीही काही लपवायचं नाही. तुमची नावं बाहेर जाणार नाहीत. तंबाखू, सिगरेट, गुटखा, जे कुणी काही घेत असेल त्यांना आम्ही एक पिवळी चिठ्ठी देऊ. ती घेऊन खाली गाडीत जायचं, डॉक्टर तोंड तपासतील. डॉक्टर दोघंच आहेत आणि गाडी चारला परत जाणार. त्यामुळे फक्त चिठ्ठीवाले."

आमच्या बाजूचे फॉर्म शालन भरत होती. पहिली शेवंता बसली. माझ्याच गल्लीतली, माझ्याच हाताखाली पंधरा वर्षं काढलेली.

"शेवंतामावशी, रोज किती तास झोपता?"

"नवरा घोरायचा थांबंल तेवढं."

"फळं किती वेळा खाता?"

"संकष्टीला केळं."

"व्यायाम?"

शेवंतानं माझ्याकडं बघितलं आणि सगळ्या बायका खो खो हसल्या. शालनही हसली आणि तिनं गालावर हात धरला.

"बरं. मानसिक ताण आहे का?"

"सासू होती तवर हुता."

पोरींच्या बाजूलाही हसू पिकलं. मला बरं वाटत होतं. माझ्या बायका तोंडाला फटकळ असल्या तरी कुणापुढं लाजणाऱ्या नव्हत्या. मग शालननं पान उलटलं आणि आवाज जरा खाली आणला.

"तंबाखूचा कुठलाही प्रकार घेता का? हो किंवा नाही."

शेवंतानं माझ्याकडं बघितलं. तिच्या मागच्या पाचही जणींनी माझ्याकडं बघितलं.

"न्हाई लिही," मी म्हणाले.

"आई, मिशेरी यात येते."

"कुठं लिवलंय?"

"इथं 'इतर' आहे ना, त्यात. तंबाखूच आहे ती. सगळ्यांना चिठ्ठी मिळेल. फुकट तपासतायत, आई." पुढचं ती अगदी हळू म्हणाली, "तू हो म्हणालीस की सगळ्या म्हणतील."

मी काही बोलायच्या आत पलीकडून आवाज आला. "मावशी, लिहा की खरं! मी लिहिलंय." केतकी. हातात तिचा भरलेला फॉर्म, तोंडावर तेच गच्चीवरचं हसू. तिच्या शेजारच्या चार पोरी माना वर करून माझं बोट बघत होत्या.

सरनोबत मॅडम वळल्या. "काय झालं, हौसाबाई?"

मी उभी राहिले. माझ्या आवाजाला तिथं माईक लागत नव्हता.

"काही न्हाई, बाईसाहेब. ही शिकलेली पोरं धूर काढत्यात आणि वर आम्हाला सामील करून घ्यायला बघत्यात. आमच्या सात जणींत एकीलाबी व्यसन न्हाई. हौसाबाईच्या घरात तर सुपारीचं खांड न्हाई. लिहून घ्या आणि पायजे तर खाली माझा अंगठा घ्या. अंगठा कशाला, सही करती मी!"

मॅडमनी टाळी वाजवली. त्यांना मिशेरीचं माहीत नसावं. शहरात वाढलेल्या होत्या. "ऐका मुलींनो! तुम्ही पदव्या घेताय, आणि या बायकांकडून काय शिकायचं ते बघा." पोरींनीही टाळ्या वाजवल्या. केतकी खाली बघायला लागली. माझी मान एवढी ताठ झाली होती की मागचा अंबाडा पाठीला टेकल्यासारखा वाटला.

शालननं सात फॉर्मांवर सात वेळा 'नाही' लिहिलं.

"शालन, तुझा स्वतःचा राहिलाय," मॅडम म्हणाल्या. "तू विद्यार्थ्यांत येतेस. इथंच बस आणि भरून टाक."

ती माझ्या शेजारीच बाकावर बसली. झोप, पाणी, जेवणाच्या वेळा भराभर भरत गेली. मग पान उलटलं, पेन थोडं थांबलं, आणि फॉर्म भरून झाला. सही करून तिनं तो गठ्ठ्यात खाली सरकवला.

दुपारी साडेतीनला मी खाली गेले. पिंपळाखाली ती पांढरी गाडी उभी होती आणि गाडीच्या पायरीशी शालन. हातात पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. एकेकाचं नाव पुकारायची, चिठ्ठी द्यायची, आत सोडायची. माळी गेला, दोन वॉचमन गेले, लिफ्टवाले ते विभागप्रमुख साहेब गेले. ते सिगरेट ओढतात हे मला तेव्हा कळलं. केतकी आत गेली आणि दहा मिनिटांनी पांढरीफटक होऊन बाहेर आली. माझ्याकडं न बघता वर पळाली.

मी शालनजवळ गेले. "दाखवलंस?"

"चिठ्ठीवाल्यांचाच नंबर आहे."

"मग घे की हातातली एक."

"चिठ्ठीवर फॉर्मचा नंबर टाकावा लागतो, आई." तिनं गठ्ठा नीट केला. "माझ्या फॉर्मवर 'नाही' आहे. आता मॅडमना काय सांगू? त्यांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्यात."

मी तिच्या हातात कागदाची पुडी दिली. कुलगुरूंच्या बंगल्याच्या कुंपणावरचा जाईचा पाला तोडून आणला होता, माळ्याशी भांडून. "हे चघळ. त्या डॉक्टर पोरांना काय कळतंय, अजून मिसरूड फुटायचंय त्यांना."

तिनं दोन पानं तोंडात टाकली. चारला पाच मिनिटं कमी असताना गाडीतला डॉक्टर डोकं बाहेर काढून म्हणाला, "ताई, संपले का सगळे?"

शालननं हातातल्या उरलेल्या चिठ्ठ्यांकडं बघितलं. बऱ्याच उरल्या होत्या.

"संपले," ती म्हणाली.

गाडी गेली. तिच्या मागं आम्ही दोघी क्वार्टरवर आलो आणि मी चहा टाकला. तिनं तो गार करून घेतला.

पुढचं मी फार सांगणार नाही. तिचं तोंड उघडेनासं झालं; आधी तीन बोटं जायची, मग दोन, मग एक. मृगाच्या आसपास गालाला भोक पडल्यासारखं झालं तेव्हा ती आपणच मोठ्या दवाखान्यात गेली, मला न सांगता. तिथल्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं.

"मिशेरी किती वर्षांपासून?"

"सतरा," मी म्हणाले.

"घरात आणखी कोण लावतं?"

मी हात पाठीमागं घेतला.

"चार-पाच महिने आधी यायला हवं होतं हो," ते म्हणाले. रागानं नाही म्हणाले. रागानं म्हणाले असते तर मी उत्तर दिलं असतं.

डाव्या बाजूचा जबडा काढला. सरनोबत मॅडम दवाखान्यात आल्या, माझा हात धरून रडल्या. "हौसाबाई, तिच्या फॉर्मवर त्या प्रश्नापाशी खाडाखोड होती. मी बघितली होती. तेव्हाच विचारायला हवं होतं मी."

"तुमची काय चूक, बाईसाहेब," मी म्हणाले. "पोरीच्या हातनं झालं असंल चुकून."

तिथंही मी खोटंच बोलले. चौथी शिकलेल्या बाईला 'हो' आणि 'नाही' एवढं वाचता येतं. त्या दिवशी बाकावर माझ्या शेजारी बसून शालननं आधी 'हो' लिहिलं होतं. स्पष्ट, ठसठशीत. मी ते वाचलं, समोर केतकी बसली होती, आणि मी टेबलाखाली माझा पाय शालनच्या पायावर ठेवला. दाबला. ती माझ्याकडं वळलीसुद्धा नाही. 'हो' वर आडवी रेघ मारली आणि पुढं 'नाही' लिहिलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. शेवंताला नाही, मॅडमना नाही. केतकीला तर नाहीच. ती तीन वर्षांपूर्वी येऊन गेली, दोन लेकरं घेऊन. म्हणाली, "मावशी, त्या दिवशी डॉक्टरांनी घाबरवलं नसतं तर मी सिगरेट सोडली नसती." जाताना माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले.

ऑपरेशननंतर शालनला बोलता यायचं नाही. उशाशी वही असायची. 'पाणी', 'पाय चेप', 'पंखा' असं लिहायची, मोठ्या सुट्या अक्षरात, मला वाचता यावं म्हणून. सकाळी जाग आली की तिचा हात अजून खाटेच्या कडेला चाचपडायचा, डबी शोधायला. मी तिथं माझा हात द्यायची.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी वॉर्डात आम्ही दोघीच जाग्या होतो. मी खाटेवर तिच्या पायाशी बसले. तोच पाय मी मांडीवर घेतला.

"शालन, त्या दिवशी मी हा पाय दाबला नसता तर चिठ्ठी मिळाली असती तुला. खरं सांग. राग येतोय का गं माझा?"

तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे कोरडे होते. मग वही ओढली, पेन शोधलं आणि एकच शब्द लिहिला.

नाही.

ते पान माझ्याजवळ आहे, देवाच्या फोटोमागं. 'ना'चा काना लांब आणि 'ही'ची वेलांटी वरच्या रेघेला टेकलेली. फॉर्मवर लिहिलं होतं ते 'नाही'ही असंच होतं. ते तिनं चारचौघांत माझी मान ताठ राहावी म्हणून लिहिलं होतं. हे तिनं खरं म्हणून लिहिलं, की पुन्हा माझ्यासाठीच, ते मला अजून वाचता येत नाही.